मूळ का म्हणतात

पेडण्यात आमच्या शेजारी गणिताच्या शिकवण्या घेणारे एक सर राहतात. ते स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. चहासुद्धा ते व्हरांड्यात फेऱ्या मारत पितात आणि दर वाक्याला "खरां मरे?" म्हणून आपल्या तोंडाकडे बघतात.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेच अस्वस्थ होऊन.

"कोरगावच्या एका पोरीन इचारल्यान, मूळ संख्येक 'मूळ' कित्याक म्हणतत? मी म्हटलंय, नाव आसा ता, पाठ कर. ती गप बसली."

ती गप बसली, हेच त्यांना लागलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी पेडणे स्टँडवर होतो. कोरगावची बस आली आणि माणसं उतरायच्या आधीच सर आत घुसले. दारातच त्यांनी त्या मुलीला गाठलं.

"बाय, तुझा प्रश्न बरोबर होता. माकाच म्हायत नाय होता. जुन्या ग्रीकांनी ह्यांका 'पहिल्या' संख्या म्हटल्यानी. सहा होतत दोन आणि तिनाच्या गुणाकारान. पण दोन आणि तीन असे कोणापासून होणत नाय. म्हणून ते मूळ."

मागे माणसं खोळंबली होती, कंडक्टर ओरडत होता.

मुलगी लाजत हसली. "मगे सर, सगळ्यांत पयलो एक. तो मूळ कित्याक नाय?"

'व्याख्येत बसत नाय' हे उत्तर सरांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

"उद्या सांगतंय," ते म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत जवळजवळ धावतच घराकडे निघाले.