अधांतरी आतोबा

देहावाचून जगण्याची शिकवणी फुकट देणारा माणूस अख्ख्या निलंग्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले आतोबा पूजा सोवळ्यात करत आणि गप्पा मात्र बुखाऱ्याकडच्या हजार वर्षांपूर्वीच्या एका हकिमाच्या मारत. जणू हा हकीम कालच एसटीनं येऊन पंगतीला जेवून गेला होता. हकिमाचं म्हणणं असं, की एखादा माणूस हवेत अधांतरी जन्मला, डोळे झाकलेले, बोटाला बोट लागत नाही, तरी 'मी आहे' हे त्याला कळणारच. म्हणजे रूह वेगळी, देह वेगळा. देह गेला तरी रूह राहते. हे नुसतं सांगून आतोबांचं भागत नसे. मीटर बघायला आलेल्या वायरमनलासुद्धा ते खुर्चीत डोळे मिटून, बोटं फाकवून बसवत. माझीही पाळी आली. "हातपाय विसर, घर विसर. आता राहिलं काय?" मी म्हणालो, "भूक." "नालायका, भूक देहाची!" आतून आत्या ओरडली, "अहो, आधी जेवू घाला त्याला, मग काढा रूह!" तिचा मात्र जन्मभर एकच सवाल होता: "सगळं विसरल्यावर मी तरी आठवते का न्हाई?" आतोबा खाकरून पुन्हा हकिमाकडे वळत. हकिमाच्या प्रयोगात बायकोची सोय नव्हती.

मग भूकंप झाला. आत्या अंगणात झोपली होती म्हणून वाचली. आत झोपलेल्या आतोबांवर माळवदाच्या छताची सगळी माती बसली. उजाडल्यावर आम्ही उकरत होतो आणि आत्या ढिगाऱ्याशी बसून रोजच्यासारखी हाक मारत होती, "अहो, उठा, चहा निवतोय!" चुलीचा पत्ता नव्हता, चहा कुठला? मी ओरडलो, "आतोबा, कुठं हायसा?" मातीतून आवाज आला, "कुठं ते कळून नाही राहिलं. पण हाय!" बाहेर काढल्यावर तोंडातली माती थुंकत ते आत्याला म्हणाले, "हकिमाचं जरा चुकलं गं. हातपाय गेले, घर गेलं, मधे तर 'मी' बी विसरलो होतो. तू चहाला हाक मारली, तेव्हा कळलं, हाय म्हणून." आत्या पदरानं त्यांचं तोंड पुसत म्हणाली, "उभ्या संसारात एकदाची ऐकली म्हणायची माझी हाक!"

आत्या गेल्यावर आतोबा लातूरला माझ्याकडे राहायला आले. आमच्या गल्लीत तोवर घरांपेक्षा क्लास जास्त झाले होते. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना अडवून ते विचारत, "रूह कुठं असते?" पोरं म्हणत, "आजोबा, चार पर्याय द्या की!" संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून, डोळे मिटून, बोटं फाकवून बसत. एकदा तसेच बसलेले असताना एकदम हसले आणि म्हणाले, "हाव हाव, आलो."

घरात आम्ही दोघंच होतो. मी काही हाक मारली नव्हती.