त्याला तिथं पाठवलं कोणी

आमच्या घरात रोज जेवताना एक खून व्हायचा. रायपूरच्या बुढापाऱ्यातलं भाड्याचं घर, समोरच्या खोलीत टीव्ही आणि टीव्हीसमोर ताटं घेऊन बसलेले बाबा, दादा आणि मी. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळ्या लाटायची. तिथून तिला अर्धाच पडदा दिसायचा. मालिका हिंदी, तिच्यावरचा वाद मराठीत आणि दादाची उत्तरं पुन्हा हिंदीत. रायपुरात वाढलेल्या पोरांचं असंच असतं, मराठी सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी येते.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या बंद पेट्या हाताळल्यामुळे असेल, कोणाच्या सांगण्यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. मालिकेतल्या कारकुनानं बायकोला कसलंसं दुर्मीळ विष दिलं की त्यांचा घास हातातच राहायचा. गोल बाजारात साधं उंदराचं औषध मागितलं तरी दुकानदार घरची सगळी चौकशी करतो, मग या गड्याला हे मिळालं कुठं, असा त्यांचा सवाल. पण त्यांचा खरा राग हेतूवर असे. माणूस स्वभाव सोडून वागला की ते चिडत. असल्या मेलेल्याला खुन्यानं नाही, लेखकानं मारलं म्हणत.

एकदा गुडघे दुखणारा एक सराफ अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर गेला आणि तिथून त्याला ढकलून दिलं. बाबा ताटावरून उठायचेच बाकी होते. ज्याला देवळाची पायरी चढवत नाही तो गच्चीवर कशाला जाईल?

दादा म्हणाला, "आदमी मजबूरी में कुछ भी करता है, बाबा."

"मजबुरी म्हणजे लेखकाची पळवाट," बाबांनी निकाल दिला.

तेवढ्यात दारातून आईनं विचारलं, "पण त्याले तिथं पाठवलं कोणं?"

आम्ही तिघंही हसलो. कारण कुठलाही भाग असो, सुरुवात पाहिलेली असो वा नसो, आई हाच एक प्रश्न विचारायची. बाबा तिला म्हणायचे, तू पोळ्या लाट.

दादा बीरगावकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात विजेच्या मोटारींची देखभाल करायचा. मोटार त्याच्या हाताला ओळखायची म्हणत. पण उंचीची त्याला लहानपणापासून धास्ती. खिडकीतल्या कूलरचा वाळ्याचा खस बदलायचा तर स्टुलावर चढावं लागे, आणि स्टूल पाहिलं की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. शेवटी मीच चढायची. बाबा दरवर्षी न चुकता म्हणायचे, आमचा वाघ आहे, पण जमिनीवरचा. दादाही हसायचा. मला ते हसणं कधी आवडलं नाही, पण आमच्या घरात थट्टेला कोणी थट्टा म्हणून थांबवत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर दादा कारखान्याच्या शेडवरून पडून गेला. सिमेंटचा पत्रा त्याच्या पायाखाली फुटला आणि तो खाली मशीनवर आला. आम्हाला दवाखान्यात बोलावलं तेव्हा चेहरा तेवढा दाखवला, बाकी चादर होती.

तेरवीच्या आधी कारखान्याचे दोन जण घरी आले. पांढरे शर्ट, हात जोडलेले, आवाज मऊ. पत्रा गळत होता, लडका स्वतःच्या मनानं पाहायला चढला, बेल्ट लावला नाही, बहुत अफ़सोस है. मला त्या मऊ आवाजाचा आजही संताप येतो. मी बाबांकडे पाहत होते. विषाच्या बाटलीवरून अख्खी मालिका मोडीत काढणारा हा माणूस आता बोलेल असं मला वाटत होतं. मोटारीवाल्याचं पत्र्याशी काय काम, एवढं तरी विचारतील. बाबा मूग गिळून बसले. जाताना त्या दोघांनी विचारलं, आपको कुछ कहना है? बाबांनी मान हलवून नाही म्हटलं.

त्यानंतर टीव्ही लागला नाही. जेवताना फक्त भांड्यांचे आवाज यायचे. मी एकदा न राहवून बाबांना विचारलंच की तुम्ही गप्प का बसलात. आई दारातच होती, तिच्या नेहमीच्या जागेवर.

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "मले हेतू सापडला होता. मी त्याले जन्मभर जमिनीवरचा वाघ म्हणत आलो. तो मले दाखवाले चढला. आता कोणाले काय विचारू?"

हे ओझं घेऊन ते रोज आमच्यासमोर बसत होते, आणि मी त्यांना भित्रे समजत होते. आई मात्र लाटणं खाली ठेवून उठली.

"तुमच्या चिडवण्यानं तो कधी स्टुलावर नाही चढला," ती म्हणाली, "शेडवर कसा चढन? त्याले तिथं पाठवलं कोणं, ते विचारा."

या वेळी कोणी हसलं नाही.

आम्ही तिघं कारखान्यात गेलो. फाटकावरच्या गार्डपासून साहेबापर्यंत सगळ्यांचं एकच वाक्य, अपने मन से चढ़ा था, माताजी. जणू सगळ्यांना एकाच मास्तरानं पढवलं होतं. आई दादाच्या सुपरवायझरला तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "अपने मन से तो वो स्टूल पे नहीं चढ़ता था, भैया. उसको भेजा कौन?" सुपरवायझरनं हातातला चहा संपवला आणि दुसरा मागवला. दादासोबत रोज डबा खाणारा एक जण मागे उभा होता. त्याचे ओठ हलले, आणि मग तो साहेबाकडे पाहून तिथून निघून गेला. पोलीस ठाण्यातही तेच लिहिलं गेलं होतं, आणि ते बदलायला कोणी तयार नव्हतं.

ऑटोत बाबा एवढंच बोलले, "मजबुरी. आपला पोरगा बरोबर सांगत होता. त्याची स्वतःचीच सांगत होता, अन् मी त्याले पळवाट म्हटलं."

आई अजूनही जाते. कधी ठाण्यात, कधी लेबर ऑफिसात. तिथले लोक आता तिला लांबून ओळखतात आणि पाहिलं की जागेवरून उठून निघून जातात. ती बसून राहते, आपला एक प्रश्न विचारते आणि परत येते.

यंदा उन्हाळा लागला तशी मी एक दिवस कामावरून घरी आले तर बाबा स्टुलावर चढून कूलरला नवा खस लावत होते. या वयात. मी जरा जोरातच विचारलं, बाबा, तुम्ही काहून चढले?

"तुझ्या आईनं पाठवलं," बाबा म्हणाले.

आई खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हव," ती म्हणाली, "मीच पाठवलं."