हशा उतरेपर्यंत

तुळशीराम इंगळे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्या नाटकाचे व्हिडिओ शूटिंग करायला भोकरदनला गेले तेव्हा. शूटिंग त्या दिवशी झालेच नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझ्या नवऱ्याचा आणि माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्ने, वास्तुशांती, शाळांची स्नेहसंमेलने हे आमचे नेहमीचे काम. मी कॅमेरा स्टँडवर चढवत होते, तेवढ्यात हातात छत्री घेतलेले, नाटकातल्या मामाच्या वेषातले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. तेच सर. मोलकरणीची भूमिका करणाऱ्या बाई ऐन वेळी तापाने आडव्या झाल्या होत्या. गृहस्थांनी माझे नाव विचारले, गाव विचारले आणि म्हणाले, "दोनच वाक्यं आहेत बाई. चहाचा ट्रे घेऊन यायचं, बोलायचं अन् जायचं. बिलकुल अवघड न्हाई."

माझ्या पहिल्याच वाक्याला सगळे सभागृह हसले आणि मी घाबरून विंगेत पळाले. सर तिथेच उभे होते. त्यांनी माझ्या हातातला ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि ट्रेसकट मला उलटे फिरवले. "लोक हसून राह्यले अन् तुम्ही निघून चालल्या? हशा उतरल्याशिवाय विंगेत यायचं न्हाई. जा, उभ्या राहा." मी गेले, उभी राहिले, आणि मला बघून लोक आणखी हसले. त्या दिवसापासून मोलकरीण शेवंता माझ्याकडे आली ती कायमची, आणि 'बाई'ची मी यथावकाश 'मंदा' झाले.

ते नाटक सरांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एकाच घरात एकाच दिवशी दोन होणारे जावई येतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा घरातला नोकर आहे. तिसऱ्या अंकात मुलीचा मामा येतो आणि दोघांना एका ओळीत उभे करून नऊ मिनिटे झाडतो. हा मामा म्हणजे आमचे सर. गणिताचे मास्तर, पहिली नेमणूक धावड्याची, निवृत्त झाले भोकरदनला. पण कचेरीपासून बाजार समितीपर्यंत लोक त्यांना 'मामा' म्हणूनच नमस्कार करतात. तीस वर्षे त्या नऊ मिनिटांसाठी माणसे गाड्या करून येत असत.

सरांची माणुसकी सांगायची तर मी माझ्या सासूबाईंपासून सुरुवात करीन. सुनेने नाटकात काम करायचे, तेही मोलकरणीचे, हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. मेंढरे राखून वाढलेली कडक बाई. सरांनी मला समजावले नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. ते एका रविवारी संहिता काखेत मारून आमच्या घरी आले आणि ओसरीवर बसून सासूबाईंना सगळे नाटक वाचून दाखवले, सगळ्या पात्रांच्या आवाजांत. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढंच व्हय? दोन वाक्यासाठी पोरीला एवढ्या लांब नेता? अजून दोन तरी टाका की मास्तर." सर गंभीरपणे म्हणाले, "लिहिणाऱ्याचं आहे आक्का, माझं न्हाई. मला टाकता यायचं न्हाई." त्यानंतर माझ्या तालमीला उशीर झाला तर सासूबाईच मला घाई करू लागल्या.

लिहिणाऱ्याचा हा मान सरांनी चित्रपटाच्या वेळीही सोडला नाही. बहात्तराव्या वर्षी त्यांनी नाटकाचा चित्रपट करायचे ठरवले तेव्हा पहिले काम काय केले, तर नाटककारांच्या घरच्यांना स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पत्र लिहून परवानगी मागितली. पुढे एखादे वाक्य बदलायचे झाले की आधी पत्र जायचे. आम्ही वैतागायचो. "सर, एक शब्द तर आहे!" असे मी एकदा म्हणाले, तर उत्तर आले, "गणितात एकच आकडा चुकतो मंदा. उत्तर तेवढ्यानंच चुकतं."

चित्रपट का, असे पुष्कळांनी विचारले. सर म्हणायचे, "आमचं नाटक पाहिलेली माणसं म्हातारी झाली. नवी पोरं फोनमध्ये बघतात. मंग नाटकालाच तिकडं जावं लागंल." कॅमेरे आमच्या स्टुडिओचे, कलाकार तेच, मोठ्या जावयाच्या भूमिकेत तेच आमचे बाबूराव, ज्यांना आता स्वतःचे दोन जावई आहेत.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. रंगभूमीवर सरांनी आम्हाला एक गोष्ट रक्तात भिनवली होती: विनोद झाला की थांबायचे, हशा वर चढू द्यायचा, अर्धा उतरला की पुढचे वाक्य टाकायचे. सर ते चपलेतल्या अंगठ्याने मोजतात, हे जवळून पाहिलेल्यांना ठाऊक आहे. आता समोर कॅमेरा, आणि हसायची सगळ्यांना बंदी. बाबूरावांनी हुकमी वाक्य टाकले आणि सवयीने थांबले. हशा येईना. ते आणखी थांबले. मग त्यांना वाटले, मागच्या रांगेला ऐकू गेले नसेल, म्हणून तेच वाक्य दुप्पट मोठ्याने म्हणाले. मागच्या रांगेच्या जागी नुसती भिंत होती. दिवसभर हेच चालले. संध्याकाळी चित्रण पाहिले तर सगळा संच वाक्ये विसरल्यासारखा एकमेकांकडे बघत उभा होता.

मी संकलनात ते सगळे थांबे काढून टाकले. नाटक कसे धाडधाड पळू लागले आणि मला माझी मोठी करामत वाटली. सरांनी ते शेवटपर्यंत पाहिले. म्हणाले, "धावड्याला नेऊ. लोकांना विचारू."

धावड्याच्या शाळेत खिडक्यांना ताडपत्र्या लावून दुपारी पांढऱ्या पडद्यावर तो कच्चा चित्रपट आम्ही दाखवला. सरांनी खुर्ची पडद्याशेजारी घेतली आणि ती फिरवून लोकांकडे तोंड करून बसले. चित्रपट त्यांना पाहायचाच नव्हता. माणसे पाहायची होती. मांडीवर वही. पहिल्या विनोदाला लोक हसले आणि पुढचे दोन विनोद त्या हशात बुडाले. एक म्हातारे मोठ्याने विचारत होते, "काय म्हन्ला? काय म्हन्ला त्यो?" माझी करामत तिथेच कळली. थांबा हवा होता. पण थांबलेल्या वेळात पडद्यावर काहीतरी दिसायलाही हवे होते.

मग मामांचा प्रवेश आला.

इथे मी माझी एक चूक कबूल केली पाहिजे. तो प्रवेश पडद्यावर जमत नाही, हे मला संकलनाच्या पहिल्या दिवसापासून दिसत होते. सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीसाठी घडवलेला तो आवाज आणि ते हातवारे हातभर अंतरावर आल्यावर अंगावर येत होते. उपायही माझ्याकडे होता. लग्नाच्या शूटिंगची आमची सवय अशी की एक कॅमेरा नवरा-नवरीवर आणि दुसरा पाहुण्यांवर. माझ्या नवऱ्याने सवयीने दुसरा कॅमेरा मामांचे बोलणे ऐकणाऱ्यांवर ठेवला होता, आणि त्या ऐकणाऱ्यांत चहाचा ट्रे धरून नऊ मिनिटे उभी असलेली शेवंता होती. म्हणजे मी. गुरूंचा चेहरा कापायचा आणि त्या जागी स्वतःचा लावायचा! माझी छाती झाली नाही. मी तोंड मिटून बसले.

धावड्याला त्या प्रवेशात कोणी हसले नाही. तीस वर्षे जे लोकांना लोळवत होते त्याला शाळेतली ती खोली शांत राहिली, आणि सर त्या शांत चेहऱ्यांकडे बघत समोर बसले होते. मला मान वर करवेना. एकाच ठिकाणी मामांचे चित्र हलले होते म्हणून मी पाच-सहा सेकंद शेवंता घातली होती. ती मामांकडे बघते, निवत चाललेल्या चहाकडे बघते आणि पुन्हा मामांकडे बघते. तिथे खोली एकदम हशाने फुटली. सरांनी त्या दुपारी पहिल्यांदाच मान वळवून पडद्याकडे पाहिले.

नंतर शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मला विचारले, "तुला कवा कळलं?"

"पहिल्याच दिवशी, सर."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमचा प्रवेश आहे सर. लोक त्यासाठीच येतात."

सरांनी वही मिटली. त्यांना लागले होते, ते मला दिसत होते. ते नाही म्हणणे खोटे होईल. मग म्हणाले, "वर्गात माझं गणित चुकलं तर पोरं सांगायची, अन् मी माझ्याच हातानं फळा पुसायचो. तू एवढी जुनी झालीस, तुला सांगायची भीती वाटली. हे माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीने जालन्याला आले आणि स्टुडिओत माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी रडत होते, म्हणून माऊसवर बोट त्यांनी ठेवले. स्वतःचा चेहरा त्यांनी स्वतः कापला. आवाज ठेवला, छत्री ठेवली, पाठ ठेवली. जिथे जिथे हशासाठी थांबायचे तिथे ऐकणाऱ्यांचे चेहरे लावायला सांगितले. नऊ मिनिटांची चार झाली. मग सगळा चित्रपट आम्ही तसाच पुन्हा बांधला.

गेली दोन वर्षे मी कुजबुज ऐकते आहे की शिष्येने गुरूंना कापले आणि स्वतःला लावले. बाबूरावांनी तर तोंडावर विचारले. सरांनी मला बजावले होते, "पिक्चर चांगला झाला ना? मंग कोणी कापलं ते सांगत बसू नको." सरांचा शब्द मी आज पहिल्यांदा मोडते आहे. तीस वर्षांच्या टाळ्या स्वतःच्या बोटाने बाजूला सारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तो माझा गुरू आहे हे मला छापून हवे होते.

भोकरदनला पहिला खेळ झाला तेव्हाही सरांची खुर्ची लोकांकडेच तोंड करून होती. मामांचा आवाज सुरू झाला, शेवंताने चहाकडे पाहिले आणि सभागृह कोसळले. मी सरांच्या पायाकडे बघत होते. अंगठा हलत होता. हशा अर्धा उतरला, अंगठा थांबला, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावरून पुढचे वाक्य आले. सरांनी अंधारात मला हात केला.

सर, आता तुम्ही पंचाहत्तरीचे झालात. कार्यक्रमात लोक तुम्हाला भरभरून आयुष्य चिंतितील, चांगल्या तब्येतीसाठी प्रार्थना करतील. माझेही मागणे तेच आहे, पण मी ते तुमच्याच नियमाने मागते. हशा उतरल्याशिवाय विंगेत यायचे नाही, हे तुम्हीच शिकवले. आमचा हशा अजून उतरलेला नाही, आणि आपल्या नाट्यमंडळाने ठरवले आहे की इतक्यात तो उतरू द्यायचा नाही. तुम्ही चुकून लवकर निघालात, तर विंगेत मी उभी आहे. छत्रीसकट उलटे फिरवीन.