मांडवाशिवाय धवला

"मांडव न्हाय, उंबराची फांदी न्हाय, अन् म्हने धवला गा. लगीन कोनाचं हाय?"

"कोणाचंच नाही, मावशी. पण एका परदेशी गायिकेनं तिच्या सगळ्या चाहत्यांकडून आपापल्या गावची गाणी मागवलीयत. आज शेवटचा दिवस आहे."

"मंग तिला सांग, आपल्या मोरवे गावात एक लगीन काढ," विमलाबाईंनी मला उडवून लावलं.

विमलाबाई आगरी लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गातात. त्याआधी तीस वर्षं त्या मिठागरात राबल्या. मी वाद सोडला आणि त्या गायिकेचा नवा अल्बम फोनवर लावला. सहा भाषांतली गाणी, सगळी जमिनी गिळणाऱ्यांवर.

"काय बोलतेय ती?"

"अरबी आहे. खाली अर्थ दिलाय. मिठागरं बुजवून टॉवर उठतायत, आणि मीठवाल्या बायका विचारतायत, आम्ही जायचं कुठे?"

विमलाबाईंचा पाय ठेका धरू लागला. मग हातही मिठागरात मीठ ओढल्यासारखे पुढेमागे चालू लागले.

"परत लाव."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या, डोळे लकाकत होते. "हिनं मीठ वढलंय. ठेका खोटा न्हाय."

"मग गाणार ना, मावशी?"

भिंतीवरचा कोयता उचलून त्या बाहेर पडल्या, सरळ उंबराच्या झाडाकडे.