पार्सलची शिवण

प्रतिमाताईंना पहिला संशय आला तो पांढऱ्या पाकिटांमुळे. गाण्यांच्या सीडीवर चित्र असतं, कंपनीचं नाव असतं. वल्लरी विकायची त्या सीडीवर नुसतं पेनाने लिहिलेलं असे : सुखदेव, भजन.

वल्लरी त्यांची लेक. दोन हजार सहा साली बी.कॉम. झाली आणि नोकरी शोधायची सोडून तिने इंटरनेटवर दुकान थाटलं. परदेशातली मारवाडी घरं तिथे भजनं निवडत आणि जयपूरच्या जवाहर नगरातून सीड्या रवाना होत. पार्सल मांजरपाटात शिवून पोस्टात द्यावं लागे. ते काम आपसूक आईकडे आलं. साताऱ्याच्या शाळेत शिकलेली उलटी टीप अजून त्यांच्या हातात होती.

त्याच सुमारास नकली सीड्यांवर छापे पडल्याची बातमी पेपरात आली. वल्लरीचे बाबा, नंदकिशोर, नुकतेच विमा कंपनीच्या दक्षता विभागात गेले होते. दुसऱ्यांच्या फाइली तपासणाऱ्याच्या दारात पोलीस आले तर?

"हा सुखदेव कोण गं?"

"सुखदेवजी. मुरलीपुऱ्यात राहतात, जागरणात गातात. सीड्या त्यांच्या भाच्याच्या सायबर कॅफेत बनतात."

"मग ते फाटकावरूनच सीड्यांची पिशवी देऊन का सटकतात? सरळ माणूस आत येतो, पाणी पितो."

"आई, तू मतलब... पोलीसच आहेस!"

"माझ्या जागी हिलाच घ्यायला हवं होतं," नंदकिशोर पेपरामागून म्हणाले.

प्रतिमाताई हसल्या नाहीत. दुपारी वल्लरी सोडाल्याच्या बाजारात कापड आणायला गेली, तशी त्यांनी शिवलेल्या पार्सलची एक बाजू ब्लेडने उसवली आणि सीडी लावली.

एकतारी. मग खर्जातला, जरा घोगरा आवाज. आवाज छान होता, पण चोरीचा मालही छान असतोच. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. तिसऱ्या भजनात मागून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी वाजली आणि लांबून एक बाई कडाडली, "भैया, ये मेथी कल की है, मुझे मत शिकवो!"

प्रतिमाताईंनी झटकन सीडी बंद केली. तो आवाज त्यांचाच होता. गुरुवारी भिशीहून त्या लवकर परतल्या होत्या आणि फाटकाशी भाजीवाल्याला धरलं होतं. म्हणजे त्या वेळी हा माणूस वर, वल्लरीचा कॉम्प्युटर होता त्या गच्चीवरच्या खोलीत गात होता!

सीडी नकली नव्हती. पण छातीवरचं ओझं उतरता उतरता दुसरं येऊन बसलं : लेकीने हे लपवलं का?

संध्याकाळी वल्लरीने पार्सल उचललं. शिवणीवरून अंगठा फिरवता फिरवता ती थांबली.

"आई, इथे दोरा बदललाय."

"रीळ संपलं." मग त्यांच्याने राहवेना. "त्यांना वर बोलावलंस, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जिन्यातच चौकशी झाली असती. ते घाबरतात तुला. म्हणून तू घरी असलीस की फाटकावरूनच जातात."

"आणि माझं भांडण परदेशात पाठवलंस!"

"मी काढणार होते. तेच म्हणाले, रहने दो बिटिया, घर जैसा लगता है."

पुढच्या खेपेला प्रतिमाताईंनी स्वतः फाटक उघडलं, सुखदेवजींना आत बसवलं, चहा दिला. कप रिकामा होईपर्यंत भाच्याचं पूर्ण नाव, कॅफेचा पत्ता आणि कोणत्या देवळात गाता, हे सगळं विचारून झालं होतं.

तेव्हापासून पोस्टात निघण्याआधी वल्लरी प्रत्येक पार्सलच्या चारी शिवणींवरून अंगठा फिरवते. आईसमोरच.