टिंबांच्या पुढे काय

माझ्या कामाबद्दल घरात कुणाला नीट सांगता येत नाही. वसईला सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून बहरीनला कंप्युटरवर असते." माझी मुलगी तिच्या मैत्रिणींना सांगते, "मॉम राइट्स व्हॉट द मशीन्स से." त्यातल्या त्यात तिचंच खरं. अस्करच्या बाजूला एका लहान कारखान्यात मी नोकरी करते. खिडक्या-दारांना लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या तिथे तयार होतात. भट्टी, प्रेस, माल वाहून नेणारे कन्व्हेयरचे पट्टे, सगळी यंत्रं दिवसभर काही ना काही कळवत असतात. तापलं, थांबलं, तेल कमी झालं. ते सगळं वरच्या मजल्यावर कंट्रोल रूममधल्या काळ्या पडद्यावर ओळीओळीनं येतं. एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. यंत्राला काही ऐंशीचं भान नसतं. तेव्हा लांबलेलं वाक्य कापून ओळीत बसवायचं, हे माझं काम.

ऐकायला फालतू वाटतं, ठाऊक आहे मला. पण वाक्य तसंच सोडलं तर ते खालच्या ओळीवर सांडतं, ती ओळ तिच्या खालचीला ढकलते आणि पडद्याचा पार भाजीबाजार होतो. बरं, शेवट छाटावा तर नेमकं हवं तेच जातं. आमची एक मावशी होती. लग्नाला कोण कोण आलं, कुणी काय नेसलं होतं, सगळं सांगून झाल्यावर शेवटी सांगायची की नवरामुलगा आलाच नाही. यंत्रं तसलीच. म्हणून मी मधलं कापते. सुरुवात ठेवते, शेवट ठेवते, आणि कापलं तिथे तीन टिंबं देते.

त्या टिंबांचा आमच्याकडे एक रिवाजच पडला होता. खाली पट्ट्यांजवळही जुने पडदे होते. टिंबं दिसली की खालचा माणूस फोन उचलायचा. "बाय, टिंबांच्या पुढे काय?" मी पूर्ण वाक्य वाचून दाखवायची. खालचे सुपरवायझर रत्नागिरीचे, वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते तर वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय कुणाला बटणाला बोट लावू देत नसत. दिवसातून कितीदा फोन वाजायचा. मी वैतागायची, तोंड सोडायची, पण वाचून दाखवायची.

मग आमच्या मोठ्या साहेबांनी खालच्या जुन्या पडद्यांच्या जागी नवीन पॅनेल आणले. छोटे, रंगीत, प्रत्येक यंत्रापाशी एक. ओळीत अक्षरं तीस. आणि वाक्य कापायचं काम माझ्याकडे नाही, पॅनेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामकडे. तो शहाणा शब्दाच्या मधोमध कधी कापत नसे. मावतील तेवढे अख्खे शब्द ठेवायचा, उरलेले गुपचूप टाकून द्यायचा. टिंबं नाहीत.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, अर्धवट वाक्य अर्धवट दिसू दे. निदान टिंबं तरी ठेवा."

ते म्हणाले, "डॉट्स एररसारखे दिसतात. पाहुणे येतात, बघतात. स्क्रीन क्लीन पाहिजे."

"क्लीन दिसेल सर, पण खोटं दिसेल."

"तुम्ही फार विचार करता," ते हसून म्हणाले, आणि फोनकडे वळले. माझ्या नाकावरचा राग मी तसाच घेऊन वर आले. दोन ईमेल लिहिल्या. उत्तर नाही. खालून येणारे फोन मात्र बंद झाले. साहेब खूश. मला ती शांतता खायला उठायची, कारण खाली माझा माणूस होता.

माझा नवरा त्याच कारखान्यात फिटर आहे. यंत्र बिघडलं की त्याच्या पोटात शिरायचं, हे त्याचं काम. प्रत्येक फिटरचं स्वतःचं एक कुलूप असतं. यंत्रात हात घालण्याआधी त्याच्या मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. मग ते यंत्र कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. नियम चांगला आहे. पण आमच्याकडे शिफ्ट सुटली की कंपनीची बस उभीच राहत नाही, आणि ती चुकली तर त्या उन्हात टॅक्सीही मिळत नाही. त्यामुळे सकाळचे फिटर बस सुटायच्या जरा आधीच कुलूप काढून चालू लागतात. दुपारचा येऊन आपलं लावेल, हा हिशेब. मधल्या त्या थोड्या वेळात राखण असते ती फक्त पडद्यावरच्या ओळीची.

त्या दिवशी मी डबा घरी विसरले होते. नवऱ्याची दुपारची शिफ्ट. माहूजच्या आमच्या घरून निघताना त्यानं माझा डबा घेतला आणि शिफ्टच्या थोडं आधी येऊन माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती, तोही माझ्याकडे चार्जिंगला लावला. वर मलाच म्हणाला, "डोकं तरी आणलंस का?"

"तुझ्यासाठी तेवढं पुरतं," मी म्हटलं.

"दोन नंबरच्या पट्ट्याचे रोलर सकाळच्यानं उघडलेत. खाली जाऊन बघून घेतो, म्हणजे शिफ्ट लागली की काम सुरू."

"कुलूप लाव."

"त्याचं लागलेलंच आहे गं," म्हणत तो जिना उतरला.

मी डबा उघडला. त्यानं कोळंबीचं कालवण केलं होतं. दोन घास खाल्ले असतील. आमच्या खिडकीतून यंत्रं दिसत नाहीत, फक्त गेट आणि बस दिसते. सहज बाहेर पाहिलं तर सकाळचा फिटर बसकडे चालला होता, आणि त्याच्या बोटाला लाल कुलूप लटकत होतं.

मी डबा बाजूला सारला. पडद्याकडे वळले. जाताना सकाळच्या फिटरनं नियमानुसार नोंद केली होती आणि माझ्या ऐंशी अक्षरांत ती पूर्ण दिसत होती: 'कन्व्हेयर टू क्लिअर टू स्टार्ट आफ्टर मेंटेनन्स साइन ऑफ.' म्हणजे दुपारच्या फिटरनं काम संपवून सही केली की मगच दोन नंबरचा पट्टा चालू करा. नोंदीत त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. पट्ट्याखाली दुसरा कुणी गेलाय हे त्याला माहीतच नव्हतं.

पण पॅनेलवर मावतात तीस. मी तिथल्या तिथे बोटांवर अक्षरं मोजली. पॅनेलवर दिसत असणार 'कन्व्हेयर टू क्लिअर टू स्टार्ट.' एकही शब्द तुटलेला नाही. कुणालाही वाटावं, पट्टा चालू करायचा साहेबांनीच हुकूम दिलाय.

नवऱ्याला फोन लावला. तो माझ्याच टेबलावर, डब्याशेजारी, थरथरायला लागला. खालचा फोन लावला. वाजतोय, वाजतोय, पण प्रेस चालू असताना तिथे कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. आता पूर्वीसारखं कुणाला फोनकडे बघायची गरजही उरली नव्हती. धावत जावं तर जिना, मग अंगण, मग भट्टीला वळसा. वरून यंत्र बंद करायची सोय आम्हाला दिलेली नाही. वरच्यांनी फक्त बघायचं आणि लिहायचं.

मग लिहू.

सगळ्या पॅनेलवर एकदम ओळ पाठवायची एक सोय आहे. ईद मुबारक, बस उशिरा सुटणार, असल्या गोष्टींसाठी. ती खिडकी उघडली. काय लिहू? इतकी वर्षं लोकांची वाक्यं कापली, पण स्वतःचं वाक्य सुचेना. इंग्रजीत सगळी सूचना लिहायला घेतली, अर्ध्यावर कळलं की मावणार नाही, पुसली. तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली: 'कन्व्हेयर टू स्टार्ट वॉर्निंग.' कुणीतरी बटण दाबलं होतं. पट्टा हलायच्या आधी थोडा वेळ नुसता भोंगा वाजतो, तेवढाच काय तो वेळ. त्या प्रेसच्या आवाजात पट्ट्याखालच्या माणसाला भोंगा ऐकू येईल का, हा विचार मी पुढे नेलाच नाही.

खाली केरळचे आहेत, नेपाळचे आहेत, ढाक्याचे आहेत, आमच्या रायगडचे आहेत. सगळ्यांना कळणारी एकच भाषा म्हणजे मोडकीतोडकी हिंदी. मी इंग्रजी अक्षरांत दोन शब्द लिहिले. 'आदमी अंदर.' आणि पाठवले.

त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

मी पडद्याला नजर लावून उभी. हेल मेरीची प्रार्थना म्हणायला लागले, तर अर्ध्यावरच अडकले, पुढचं आठवेना. सगळ्यात आधी आलं 'प्रेस स्टॉप.' मग 'कन्व्हेयर वन स्टॉप.' मग तीन, मग चार. दोन येईना. प्रत्येक जण आपल्याच यंत्रात माणूस आहे असं समजून यंत्र थांबवत होता, आणि ज्यात खरंच माणूस होता त्याचीच ओळ येत नव्हती. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. साहेबांचा, पॅनेलवाल्यांचा, बसवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या कुलूप न लावणाऱ्याचा.

'कन्व्हेयर टू स्टॉप.'

चालू होऊन थांबला की चालू व्हायच्या आधीच थांबला, ते त्या ओळीवरून कळत नाही.

फोन वाजला. चाचांचा होता. प्रेस बंद पडल्यामुळे त्यांचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येत होता. "बाय, खलास, मिटलं. बाहेर काढला त्याला. बरा हाय. यल्ला, चल, आता ती ओळ पूस, काम खोळंबलंय."

"नाही पुसणार," मी म्हटलं. "मी स्वतः बघितल्याशिवाय नाही."

जिन्यात साहेब भेटले. "सगळा फ्लोअर कुणी थांबवला?"

"मी," म्हणाले, आणि त्यांच्या बाजूनं उतरून गेले. एरवी मी त्यांना वाट देते.

सगळे गोल करून उभे होते आणि तो मध्ये, ग्रीसनं माखलेला, मला बघून हसायला लागलेला. पट्टा हललाच नव्हता. भोंगा वाजत असतानाच चाचांनी ओळ वाचून, ऑपरेटरचा हात धरून बंद करायचं बटण दाबलं होतं. मी सगळ्यांदेखत नवऱ्याची कॉलर धरली. वाटलं होतं, आता त्याची खरडपट्टी काढीन. तोंडातून एवढंच निघालं, "कुलूप कुठंय?"

त्याचं हसू गेलं. त्यानं पॅन्टच्या खिशात हात घातला आणि कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या अंगाच्या उबेनं ते गरम झालं होतं. मला तिथेच रडू फुटलं, आणि ते मी लपवलंही नाही. चाचा पाठ वळवून म्हणाले, "चला रे, आपापल्या मशीनवर."

वर येऊन मी ओळ पुसली. साहेबांनी काही दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन, पडद्याकडे बघत, टिंबं परत आणायला सांगितलं. आता खालून पुन्हा फोन येतात, आणि मी वैतागत नाही असं मात्र म्हणणार नाही.

नवऱ्याची दुपारची शिफ्ट असली की मी डबा उघडायच्या सुमाराला त्याच्या फोनवरून एक फोटो येतो. स्विचला लावलेलं लाल कुलूप. खाली शब्द काही नसतो. मी फोटो मोठा करते, कुलपावरचा त्याचा नंबर बघते, आणि मग पहिला घास घेते.