चालू गाडीची बॅटरी

पेणला हायवेलगत बाबांचं गॅरेज होतं. जीप, टेम्पो, काळीपिवळी टॅक्सी, कधी एखादा ट्रक. मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि तिथंच खोली घेऊन राहत होते. रविवारी एसटीनं पेणला आले की घरात पिशवी टाकून आधी गॅरेजकडे जायचे. आई म्हणायची, "हातपाय तरी धू गो." पण मला आधी बघायचं असायचं, की माझ्या खोक्यावर कोण बसलंय.

ते सुट्या भागांचं रिकामं लाकडी खोकं होतं. शाळकरी वयात त्यावर बसून मी बाबांना टॉर्च धरायचे. कोणता पाना लागणार हे त्यांच्या हाताच्या हालचालीवरून ओळखून तो पुढं करायचे. दहावीला चांगले मार्क पडले त्या दिवशी बाबांनी ते खोकं उचलून मागे नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "आता तुझं इकडं काय काम नाय. तू शीक." आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझं बी.एस्सी., मग बी.एड., सगळं त्यांनी त्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांवर केलं. ते उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही. पण ज्या दारातून त्यांनी मला एवढ्या मायेनं बाहेर पाठवलं, त्याच दारातून पुढं भावोजी आत आले.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातले. लग्न झाल्यावर बाबांनी त्यांना हाताशी घेतलं. खोकं पुन्हा पुढं आलं आणि त्यावर भावोजी बसू लागले. बाबा त्यांना इंजिनाचा आवाज कसा ऐकायचा ते शिकवायचे, बशीतला अर्धा चहा त्यांच्याकडे सरकवायचे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला नीट राग तरी धरता आला असता. पण ते माझ्यासाठी एसटीत जागा धरायला स्टँडवर यायचे. अशा माणसावर जळणं फार अवघड असतं. मी मात्र जळत होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईला बरीच वर्षं काढून परतलेले एक व्यापारी बाबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांची जीप बाबांनीच सांभाळली होती. आता त्यांनी नवी पेट्रोल गाडी घेतली. तिला कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. अशा गाड्या तेव्हा पेणमध्ये जवळजवळ नव्हत्याच. चाचांनी पहिलं सर्विसिंग हौसेनं बाबांकडून करून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी वडखळच्या नाक्यावर बंद पडली. ती दोरीनं ओढत गॅरेजमध्ये आणावी लागली.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा दोघं सासरे-जावई बॉनेटमध्ये वाकले होते. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पेटायचं नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायला हवा, तोही लागत नव्हता.

"बाबा, कॉम्प्युटरला करंट जातोय का ते बघितलं?" मी म्हटलं. "आम्हाला इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर होता. बघू का मी?"

"तू पेपर तपास गो," बाबा मान वर न करता म्हणाले. "साडी खराब होईल. ह्याला जावई हाय."

चाचांनी मुंबईहून एका माणसाला बोलावून गाडी दाखवली. कॉम्प्युटर गेला, नवाच बसवावा लागेल, असं त्यानं सांगितलं. तो आणायला आणि कसा बसवायचा ते शिकून यायला बाबांनी भावोजींना मुंबईला पाठवलं. रोह्याला आईचा हा निरोप आला तेव्हा मी वर्गात विद्युत परिपथ शिकवत होते. फळ्यावर बॅटरीचं चिन्ह काढताना खडू मोडला. माझ्या विषयाचा धडा घ्यायला माझ्याऐवजी दुसरंच कुणी गेलं होतं, आणि पाठवणारे माझे बाबा होते.

पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये सगळे जमले होते. भावोजी डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बॅटरीची वायर त्यांनी आधीच काढून ठेवली होती. कॉम्प्युटरचा जुना डबा बाहेर आला. जेवणाच्या चपट्या डब्याएवढा, चंदेरी. चाचा वाकून म्हणाले, "एवढासा? आणि ह्याच्यासाठी मी आठवडाभर रिक्षानं फिरतोय?"

"उस्ताद तर ह्याच्याहून मोठा डबा घेऊन जेवायला बसतात," भावोजी आतूनच म्हणाले. गॅरेजमध्ये बाबांना सगळे उस्तादच म्हणायचे.

नवा डबा बसला, जाड वायरिंगचा जोड त्यात खट्‌कन अडकला. बॅटरीची वायर पुन्हा लावली. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागला, पहिल्याच झटक्यात इंजिन पेटलं आणि दिवा विझला. बाबांनी भावोजींच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या शर्टावर पाचही बोटं काळी उमटली. मी त्या बोटांकडे बघत राहिले. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा बाबा साबणानं हात धुऊन आले होते, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. काळ्या हाताची थाप माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

मग बाबांनी खिशातून दहा नंबरचा पाना काढला.

बाबांची एक रीत होती. आमच्या शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखायचे. तसं बाबा गाडी ताब्यात देण्याआधी शेवटचं काम म्हणून चालू गाडीत बॅटरीची वायर काढायचे. इंजिन तसंच चालू राहिलं म्हणजे वीज तयार करणारा डायनॅमो ठीक. "बघा, बॅटरी नाय, तरी पडली का बंद?" असं म्हणायचे. गिऱ्हाईकं खूश होऊन जायची. लहानपणी मीही टॉर्च धरून ते जादूसारखं बघितलं होतं.

पण आता मला ते वेगळं दिसत होतं. चालू गाडीत बॅटरी तोडली की डायनॅमोच्या विजेचा दाब एकदम उसळतो. जुन्या जीपला त्याचं काही नव्हतं. ह्या डब्याला ते सोसणार नाही.

बाबा दोन पावलं पुढं गेले. भावोजींनी मान खाली घातली होती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. नवा डबा जळला असता आणि भावोजींनी बसवलेला डबा आठवड्यात गेला, असं सगळ्या पेणमध्ये झालं असतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि पुरता आला. पण पाना वायरीला लागायच्या आत मी बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, नका."

"काय गो, काय झालं?"

"वायर काढू नका. नवा डबापण जळेल."

"पण" हा शब्द तोंडातून गेल्यावरच माझ्या लक्षात आला. बाबांच्याही आला.

"आजवर माझ्या हातनं एक गाडी मेली नाय," ते हळू आवाजात म्हणाले.

चाचा दाढी कुरवाळत म्हणाले, "उस्ताद, सर्विसिंगच्या दिवशीपण तुम्ही मला दाखवली होती ना वायर काढून?"

इंजिन चालू होतं. पहिला डबा त्यानंच गेला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण तिथं उभ्या असलेल्या कुणालाही दुसरं काही वाटत नव्हतं.

"मुंबईला मला हेच सांगितलं होतं," भावोजी म्हणाले. "चालूमध्ये बॅटरी काढू नको, म्हणून."

"मग बोलला का नाय?"

"तुम्हाला कसं बोलू? सासरे हाव तुम्ही. त्यात पुन्हा गिऱ्हाईक समोर." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिचं ठीक हाय. हिनं सांगितलेलं तुम्हाला लागत नाय. आठवडाभर मी दुसरं काय ऐकतो? माझी लेक अशी शिकली, माझ्या लेकीच्या शाळेत असं हाय. एकदा तरी म्हणालात का, जावयाला विचारतो म्हणून?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोक्यावर बसलेला माणूस माझ्यावर जळत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याआधी बरं वाटलं.

बाबांनी पाना खिशात टाकला. "मग डायनॅमो बघायचा कसा?"

भावोजींनी गाडीखालून आपली पिशवी ओढली आणि मुंबईहून आणलेला मीटर काढला. इतके दिवस तो त्यांनी दाखवलाच नव्हता. मी त्याच्या दोन तारा बॅटरीला लावल्या, भावोजींनी काटा वाचला, आणि बाबा कंबरेवर हात ठेवून आम्हा दोघांकडे बघत उभे राहिले. चाचा म्हणाले, "पहिला डबा गेला तो गेला. तुमच्या हातावर माझी जीप किती चालली, ते मी विसरेन काय? चहा मागवा." बाबांनी चहा मागवला, पण त्यांचा कप तसाच गार झाला.

एसटीत बसल्यावर बघितलं, बाबांच्या मनगटाचं ग्रीस माझ्या पदराला पुसलं गेलं होतं.

पावसाळ्यानंतर एकदा शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. बाबांनी याआधी शाळेत कधी फोन केला नव्हता. मी धावत गेले.

"तशीच एक गाडी आलीय," बाबा म्हणाले. मागे कुठंतरी हातोडी वाजत होती. "पिवळा दिवा विझत नाय. काय करायचं?"

मी श्वास घेऊन सांगायला लागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब, जावयाकडे देतो. तूच सांग त्याला नीट."

मला बाबांनाच सांगायचं होतं. पण फोन भावोजींच्या हातात गेला होता. मी त्यांना एकेक करून सांगत गेले आणि ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मागून बाबांचा आवाज येत होता, "मध्ये बोलू नको. ऐकून घे." ते भावोजींना सांगत होते, पण मीच गप्प झाले. मग भावोजी म्हणाले, "पुढं सांग. खोक्यावर बसून ऐकतोय."